माकुणसारचा कूड

माकुणसारच्या मामांच्या घरातला कूड मी पाडला आणि त्या जागी विटांची पक्की भिंत बांधून दिली. कुणी मागितली नव्हती. बोईसरच्या कारखान्यात बांधकामावर देखरेख करणाऱ्या माणसाला रविवारीही हात स्वस्थ ठेवता येत नाहीत, एवढंच.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले मामा. घराची इतकी मर्जी राखणारा माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात दुसरा नसेल. पणजोबांनी बांधलेलं ते कौलारू शेतघर: समोर खळं, मग लांबलचक ओटी, माजघर, मागे पडवी, वर भाताच्या कणग्यांचा माळा. मामी गेल्या, मुलं परगावी. तेव्हापासून मामा एकटेच ते सगळं पाळीपाळीने वापरत. दात ओटीवर घासायचे, जेवण माजघरात, दुपारची झोप माळ्यावर. एकदा मी ओटीवरच चहाची बशी तोंडाला लावली, तर मामांनी ती काढून घेतली आणि मला पडवीत नेऊन बसवलं. "सकाळपासून वाट बघते हाय ती," म्हणाले. मी आजूबाजूला बाई शोधली. "पडवी ओ," मामा म्हणाले. "बसलं-उठलं नाय, तर घराला वाटतं मानसं गेली." पाहुण्याला पाणी देण्याआधी ते खांबांची ओळख करून देत. माझं डोकं माळ्याखालच्या तुळईवर दर खेपेला आपटायचं. मामा धावत येत आणि तुळई चोळत.

ह्या घराची मामा आणि त्यांचा धाकटा भाऊ यांच्यात उभी वाटणी झाली तेव्हा भांडण पेटलं ते माजघरातल्या मधल्या खांबावरून. शेवटी कूड घातला तो बरोबर त्या खांबाच्या मध्यावर: कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यांवर शेणमातीचं लिंपण. अर्ध्या खांबावर मामांची टोपी, पलीकडच्या अर्ध्यावर भावाच्या बायकोचं सूप; तिला सगळं गाव काकूच म्हणतं. पुढे भाऊ वारला, काकू पलीकडे एकट्या राहिल्या, पण अबोला काही वारला नाही. तो पाळायचीही एक रीत होती. दोघं एकमेकांशी बोलत नसत, कुडाशी बोलत. "कुणाचं तरी दूध उतू जाते हाय," मामा कुडाला सांगत. "ज्याला खोकला हाय त्याने सुंठ घ्यावी," कूड उत्तर देई.

मला त्या कुडात दिसली फक्त वाळवी. जावयाचा शब्द मोडायचा कसा, म्हणून मामा गप्प राहिले. काकूंना मी विचारलंच नाही. भिंत मात्र देखणी झाली, ओळंब्यात सरळ, दोन्हीकडून गिलावा.

पुढच्या खेपेला गेलो तर मामा माजघरात, भिंतीला पाठ लावून बसलेले. जेवणही तिथे, झोपही तिथेच. ओटीवर पाचोळा साचलेला, पडवीत कोंबडी अंड्यांवर बसलेली. चहाचं विचारलं तर म्हणाले, "पलीकडे गॅसचा लायटर वाजला का मी ठेवायचो. आता कधी ठेवायचा ते कळत नाय." थोडा वेळ भिंतीवरून हात फिरवत राहिले. "भिंत चांगली हाय तुमची, जावईबापू. काय सुदा ऐकू येत नाय."

मी म्हणालो, "थँक्यू, मामा."

तेवढ्यात बाहेर चाहूल लागली म्हणून आम्ही ओटीवर आलो. खळं ओलांडून काकू आल्या होत्या. वाटणीनंतर ह्या ओटीवर त्यांचं पाऊल पडलं नव्हतं. मामांकडे न बघता त्या ओटीच्या खांबाला म्हणाल्या, "इतके दिस खोकला ऐकू आला नाय. मानूस हाय का नाय, ते बघायला आले."

मामांनी खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. "सांगा त्यांना," मला म्हणाले, "हाय."

मी सांगितलं. दोघांमध्ये हातभर अंतर होतं, आणि बोलायला मध्ये कूड नव्हता. मामा पाचोळ्याकडे बघत राहिले, काकू खांबाकडे. त्या पाऊलभर मागे सरल्या तसा मीच घाबरलो आणि घाईघाईने म्हणालो, "काकू, भिंत उद्याच पाडतो. ह्या वेळी जाळीच्या विटा लावू, हवाही खेळेल, आवाजही येईल."

काकूंनी पदर खोचला आणि खांबालाच बजावलं, "जावयाला म्हणावं, पाडायचं तेवढं करा. बांधायचं तुमाला जमत नाय."