निताचं जर्मन आणि माझी नजर

आमच्या गल्लीत पहाटे नळाच्या आधी निताचा मोबाइल सुरू होतो. त्यातली बाई विचारते, तुमचं नाव काय, तुम्ही कुठून आलात. आणि जिला अख्खं मंगरूळपीर ओळखतं ती आमची निता तिला मुकाट्याने नाव सांगते. अशी दोन वर्षं गेली. आमच्या दोन घरांत भिंत एकच, त्यामुळे शिकवणी मलाही झाली. मी फी दिली नाही, पण निताने तरी कुठे दिली होती?

निता म्हणजे प्रयागबाईची मुलगी. वय एकोणतीस. वाशिमला नर्सिंग केलं, आता इथल्याच एका खाजगी दवाखान्यात ड्यूटी करते. तिच्यात खोट शोधायचा मी खूप प्रयत्न केला. चालताना चपला घासते, एवढीच सापडली.

जर्मनीत नर्सा लागतात असं तिला कोणीतरी सांगितलं. क्लास अकोल्याला, आणि ड्यूटी सोडून रोज अकोल्याला कोण जाणार? म्हणून तिने मोबाइलमध्येच शोधाशोध केली. तिकडच्या एका रेडिओची पहिल्या धड्यापासूनची शिकवणी फुकट सापडली. बातम्याही सापडल्या, शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम हळू वाचलेल्या. इतक्या हळू की एक बातमी संपेपर्यंत आमची लाइट जाऊन परत यायची. दवाखान्याच्या वायफायवर ती सगळं उतरवून आणायची आणि पोळ्या लाटताना ऐकायची. एका पोराची गोष्ट होती, भागाभागांची. त्यात कोणीतरी बाई सारखी ओरडायची. ती काहून ओरडते हे मला कळेना, तेव्हा मी भाजी निवडायच्या निमित्ताने जाऊन निताला विचारून आले. घरमालकीण होती म्हणे.

घरभर तिने चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. फ्रीजला निळी, दिव्याला लाल, खिडकीला हिरवी. जर्मन लोकांत फ्रीज पुरुष आणि दिवा बाई. खिडकी दोन्हींतली नाही.

"काय वं निता," मी म्हटलं, "तिकडं पेशंट कण्हला त तुले समजन का?"

"कण्हणं सगळ्याईचं सारखंच असते मावशी."

बोलायला सोबत लागते, तीही तिने फुकटच मिळवली. एकमेकांना आपापली भाषा शिकवणाऱ्या लोकांची एक साइट आहे, तिथे हिल्डाबाई नावाची म्हातारी शिक्षिका भेटली. दर गुरुवारी अर्धा तास जर्मन, अर्धा तास मराठी. एका गुरुवारी भिंतीपलीकडून आवाज आला, "मले समजून नाही राह्यलं." मला वाटलं प्रयागबाई बोलली. बोलणारी हिल्डाबाई होती.

गल्ली हसली, मीही हसले. पण खरं सांगते, मी मनातून जळत होते. अठराव्या वर्षी माझं नाव अकोल्याच्या नर्सिंगच्या यादीत लागलं होतं. सातवं. आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, तो कागद चार घड्या घालून पेटीत ठेवला आणि उन्हाळ्यात माझं लग्न लावलं. दादांना दोष देऊन मी थकले. निताला देणं सोपं होतं, ती रोज दिसायची. तिचा एखादा धडा अडला, मोबाइल बंद पडला, की मला जेवण गोड लागायचं.

हे प्रयागबाईला बरोबर कळलं होतं. मी त्यांच्या घरून निघाले की पाठोपाठ निखाऱ्यावर मिठा-मिरच्यांचा वास यायचा. माझीच नजर उतरवली जायची, माझ्याच भिंतीपलीकडे. मिरची जळून ठसका लागला तर नजर नव्हती. ठसका लागला नाही तर होती, आणि मग प्रयागबाई दोन दिवस माझ्याशी बोलायची नाही.

निताने पुण्याला जाऊन परीक्षा दिली, पास झाली. मग तिकडच्या दवाखान्याने मुलाखत ठेवली, व्हिडिओवर, सोमवारी दुपारी तीनला. पावणेतीनला मी विरजण मागायला गेले. खोटं कशाला बोलू, बघायला गेले. निताने इस्त्रीचा युनिफॉर्म घातला होता, मोबाइल पोह्याच्या डब्याला टेकवून ठेवला होता.

"लय छान दिसून राह्यली वं," मी म्हटलं. तोंडातून खरंच निघून गेलं.

प्रयागबाईचा चेहरा उतरला. मी घरी पोचते तोच वास. प्रयागबाईने पाचेक मिरच्या टाकल्या असतील, ठसका येईना. म्हणजे नजर जबर. मग बाईने मूठभर टाकल्या. पलीकडे निताचं जर्मन धाडधाड चाललं होतं, आणि मध्येच तिला ठसका लागला. मग दुसरा. मग आईला. पाच मिनिटं दोघी खोकत होत्या आणि मोबाइलमधली बाई काहीतरी विचारत होती. मी भिंतीला कान लावून उभी होते. हसू येत होतं, आणि हसताना स्वतःचीच शरम वाटत होती, पण हसू थांबत नव्हतं.

तिकडचे लोक भले. तब्येत बरी दिसत नाही, पुढच्या सोमवारी बोलू म्हणाले. पण जागा दोनच, आणि तो सोमवार हीच शेवटची तारीख.

शनिवारी प्रयागबाई आली. उंबऱ्यावरच उभी राहिली.

"केशरबाई, सोमवारी शिरपूरले जाऊन या ना. लय दिवस झाले तुमी देवाले नाही गेल्या."

"मी कायले जाऊ? ते त जैन लोकाईचं मंदिर."

"देव का विचारते? सकाळच्या बसनं जा, दिवे लागले की या."

मी दार लावून घेतलं. पन्नास वर्षांच्या बाईला कोणी गावाबाहेर काढतं का, नजर लागेल म्हणून? रविवारी निता आली. आईने काय सांगितलं हे तिला ठाऊक नव्हतं.

"मावशी, उद्या तुमची वरची खोली देता का? आमच्या घरी आई पुन्हा काई तरी जाळन."

"मीच त्या मिरच्याईचं कारण हावो, मालूम हाय का तुले?"

"मालूम हाय. रेंजही तुमच्याच वरती चांगली येते."

किल्ली तिच्या हातात देऊन मी सोमवारी साडेनऊची बस धरली. चांगुलपणा म्हणून नाही. मी घरी असते आणि ती नापास झाली असती, तर गल्लीने मरेपर्यंत माझ्या नावाने मिरच्या जाळल्या असत्या. आणि दुसरं असं की मला माझ्या डोळ्यांची खात्री नव्हती.

शिरपूरला मंदिराबाहेरच्या ओट्यावर बसले. तीन वाजले. हात जोडले, पण मागायचं काय ते ठरेना. ती पास व्हावी असं मनातून निघेना. नापास व्हावी हे देवासमोर म्हणायची हिंमत नव्हती. शेवटी म्हटलं, तुझं तू पाहा.

चारला फोन वाजला.

"मावशी, घेतलं मले. आईच्या आधी तुमाले सांगून राह्यली. आई खाली हाय, मी अजून तुमच्याच खोलीत हावो."

"बरं झालं," मी म्हटलं. आवाज नीट निघाला. "किती वर्षांसाठी?"

"सुरुवातीले तीन."

"बरं झालं," मी परत म्हटलं, आणि फोन ठेवला.

मंगरूळची बस समोर येऊन लागली. कंडक्टरने हाक दिली. मी उठले नाही. घरी गेले की पेढा खावा लागणार होता, आणि तो तोंडात गोड लागेल इतका वेळ मला हवा होता. त्या दिवशी मी दोन बसा सोडल्या.