डोलीतून दिसतं तेवढंच

जव्हारच्या बाजारात दीड माणूस मावेल एवढा एक फोटो स्टुडिओ आहे. तो कमूचा. पासपोर्टचे फोटो, दाखल्यांच्या झेरॉक्स आणि हंगामात पार मोखाड्यापर्यंतची लग्नं. ऐन मंगलाष्टकात कोणी कॅमेऱ्यापुढे आडवं आलं, तर कमू त्याला खांद्याला धरून बाजूला करते आणि तो कोण होता ते मागाहून विचारते. एकदा तो नवरदेवाचा मामा निघाला, एकदा सरपंच. तिचा नवरा नीलेश एसटीत कंडक्टर आहे. तो म्हणतो, हिच्यापेक्षा माझ्या गाडीतली सुट्ट्या पैशांची भांडणं परवडली.

तर या कमूने यंदा फेब्रुवारीत एका लेन्सवरून जो तमाशा केला, त्याची ही गोष्ट. लेन्सवरून कोणी भांडतं का, असं विचाराल. आधी ऐका तरी.

कमूचं माहेर उंबरमाळ. जामसरवरून पुढे जायचं, डांबर संपतं तिथे उतरायचं, आणि मग तीन किलोमीटर पायवाट. त्या वाटेत, डांबर सोडल्या सोडल्या, एक ओहळ आडवा येतो. कागदावर त्या ओहळावर मोरी आहे, म्हणजे छोटा पूल. कागदावर काय हो, समुद्रावरही मोरी बांधता येते! प्रत्यक्षात ओहळात चार दगड टाकलेत, आणि आषाढ लागला की तेही दिसत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात कमू पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली. जव्हारात तिच्या घरापासून दवाखाना दहा मिनिटांवर. तरी ती दवाखाना मागे टाकून उंबरमाळला गेली, कारण पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. आईने तर डिंक, खारीक आणून ठेवलं होतं. नीलेश नको म्हणत होता. कमूने ऐकलं नाही, आणि त्याबद्दल ती स्वतःला आजही माफ करत नाही. पंधरा दिवस आधीच कळा आल्या. चादरीची डोली केली, बांबूला बांधली, आणि निघाले. ओहळ दोन्ही थड्या भरून वाहत होता. पलीकडे दवाखान्याची गाडी येऊन उभी, तिचा दिवा गरगर फिरताना दिसत होता. पाणी उतरायला दीड तास लागला. मुलगी ओहळाच्या अलीकडच्या काठावरच झाली. रडली नाही.

आता कमूचा भाऊ नवशा, त्याची बायको राही हिला फेब्रुवारीत चौथा महिना. दुसरी खेप, म्हणजे बाळंतपण सासरी, उंबरमाळलाच. श्रावणात दिवस भरतील. कमू म्हणते, वहिनीला मी आधीच जव्हारला उचलून आणीन. पण आठव्यातच पोटात दुखायला लागलं तर? आणि पाड्यावर आणखी चार जणी आहेत. त्यांची नणंद कुठे बसलीय जव्हारात?

म्हणून एका संस्थेने जेव्हा ठरवलं, की या वाटेचा व्हीआर व्हिडिओ करायचा, म्हणजे चष्मा लावला की आपण तिथेच आहोत असं वाटायला लावणारा, आणि पालघरच्या बैठकीत बांधकाम खात्याच्या साहेबांच्या डोळ्यांवर तो चष्मा चढवायचा, तेव्हा कमू न बोलावता पुढे झाली. हेच साहेब मागच्या बैठकीत म्हणाले होते, "तीनच किलोमीटर ना? पाऊण तासाची तर चाल आहे." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! कमू तेव्हा मागे बसली होती. तिचे कान असे तापले की शेजारच्या बाईने पाणी पुढे केलं. पण पावसाच्या आत मोरीचं काम सुरू करायची सही याच साहेबांची. ती झाली तर झाली, नाहीतर आणखी एक श्रावण.

संस्थेने ठाण्याहून धनेशला पाठवलं. पोरगा सरळ, कामात तरबेज, फक्त आपलं शिक्षण खिशात न ठेवता हातात घेऊन फिरणारा. उंबरमाळला नवशाच्या ओट्यावर त्याने पेटी उघडली. आत तीन चिजा होत्या. एक वाटोळा कॅमेरा, चहूकडचं सगळं एकदम टिपणारा. दुसरी मोठी लेन्स, तिला बेडकासारखे फुगीर दोन डोळे, माणसाच्या डोळ्यांइतक्याच अंतरावर. ती समोरचं अर्धं जग घेते. आणि तिसरी एक छोटी, तिचे दोन डोळे एकमेकांना खेटून.

"ही तिसरी सोडून द्या, कमूताई," धनेश म्हणाला. "घरगुती वाढदिवसाला वापरतात. खिडकीतून बघितल्यासारखं तेवढंच दिसतं, बाजूला सगळा काळोख. आपण गोळा वापरू. साहेब मान वळवतील तिकडे दरी, डोंगर. एकदम तिथेच असल्यासारखं वाटेल."

"म्हणजे साहेब सहल करून येतील," कमू म्हणाली. "डोंगर बघायला शिरपामाळ आहे की. तिथे गाडी जाते."

गोळा बाद झाला. धनेशने मोठी लेन्स चढवली. आता कॅमेरा कुठे ठेवायचा? तो म्हणाला, वाटेच्या कडेला ट्रायपॉडवर. डोली समोरून जाऊ दे. कमू म्हणाली, "कडेला उभं राहून बघणारे आजवर पुष्कळ झाले. कॅमेरा डोलीत जाणार. मी डोलीत निजते आणि कॅमेरा माझ्या तोंडाशी धरते."

"ताई, व्हीआरमध्ये कॅमेरा हलवत नाहीत. पहिला धडा आहे तो. बघणाऱ्याला गरगरतं, मळमळतं, उलटी होते."

"होऊ दे की! मला झाली होती. वाटेत दोनदा."

धनेशने हात जोडले, पण डोली बांधली. पुढच्या खांद्याला शेजारचा लहान्या, मागच्या खांद्याला नवशा. शंभर पावलं गेले, परत आले, आणि टिपलेलं चष्म्यात बघितलं. कमूने चष्मा लावला आणि लगेच काढला. डोळ्यांतून पाणी. डोलीत नाकावर वीतभर अंतरावर बांबू असतो, दोन्ही गालांशी चादर. एवढं जवळचं त्या मोठ्या लेन्सला झेपत नाही. एका बांबूचे दोन बांबू झाले होते आणि डोळे दोन दिशांना ओढले जात होते.

"मी सांगतो ना," धनेशला आता हुरूप आला. "तुमचं डोकं मागे करा, पाय पुढे. कॅमेरा पायांच्या बाजूला पुढे सरकवू. मग बांबू मध्ये येणार नाही, समोर वाट मोकळी. हीच लेन्स चालेल. फार तर लहान्याभाऊंची पाठ दिसेल."

नवशा तंबाखू मळत होता. त्याने हात थांबवला. हा माणूस दिवसाला दहा वाक्यं बोलतो, त्यांतली सहा बैलांशी.

"पाय पुढं करून आमी मढं नेतो," तो म्हणाला. "जित्या माणसाला डोकं पुढं करून नेतात. डोली रिकामी असली तरी नाय चालणार. बहीण निजणार हाय तिच्यात."

"दादा, शूटिंगपुरतंच हो."

"शूटिंग तुमचं. खांदा माझा."

धनेश कमूकडे बघायला लागला, की तुम्ही शिकलेल्या, तुम्ही समजवा. आणि कमूला तिथे, त्या ओट्यावर, जे तिला तीन वर्षं नीट सांगता येत नव्हतं ते एकदम लख्ख कळलं. डोकं पुढे असतं, म्हणून डोलीतल्या बाईला पुढची वाट दिसतच नाही! तिला दिसतं मागचं. आपलं घर लांब जाताना दिसतं, आणि चादरीच्या दोन काठांच्या मधून मागच्या खांदेकऱ्याचं तोंड दिसतं. म्हणून तर मागचा खांदा घरच्या माणसाचा. त्याने बाईवर नजर ठेवायची, तिच्याशी बोलत राहायचं, तिचा डोळा लागू द्यायचा नाही. त्या दिवशी नवशा तीन किलोमीटर बोलत होता. आयुष्यात बोलला नसेल एवढं. हे झाड कोणाचं, हा बांध कोणी फोडला, यंदा नागली कशी येईल. कमूला त्यातलं काही आठवत नाही, पण ते तोंड आठवतं. वर पावसाचं पाणी, आणि त्याच्या हनुवटीवरून गळणारं.

"ती छोटी लेन्स काढा," ती म्हणाली.

"ताई, तिच्यात खिडकीएवढंच—"

"डोलीतल्या बाईला कुठे अर्धं जग दिसतं, धनेशभाऊ? चादरीच्या फटीतून दिसतं तेवढंच दिसतं. बाजूला काळोख? असू दे. साहेबांनी मान वळवली तर तिथे काही सापडता कामा नये."

"तिचे डोळे खेटलेले आहेत. समोरचं सगळं थोराड दिसतं. नवशादादा राक्षसाएवढे दिसतील."

"मला तो त्या दिवशी तेवढाच दिसत होता."

तरी धनेश बोलला. संस्थेने काय लिहून दिलंय, चित्र किती बारकाईचं पाहिजे, त्याच्या नावाचं काय होईल. कमूने शांतपणे ऐकून घेतलं, म्हणजे तिच्या मानाने शांतपणे. मग म्हणाली, "खाली माझं नाव घाला. बिघडलं तर म्हणा, जव्हारची एक डोकेफिरू बाई होती." राहीने आतून नागलीची भाकर आणि उडदाची डाळ आणून ठेवली, आणि धनेश जेवायला बसला. भुकेपुढे कोणाची लेन्स चालते!

दुपारी खरं शूटिंग. छोटी लेन्स बांबू सहज पेलत होती. कमू डोलीत निजली. तिला वाटलं होतं, काही होणार नाही, आपण काम करतोय. पण खांदे उचलले, चादर गालांना लागली आणि तोच दिवस परत आला. तिने कोपर बरगड्यांना घट्ट लावले. वर नवशाचं तोंड. आणि कोणी सांगितलेलं नसताना तो बोलायला लागला. "कमू, डोळं उघडं ठेव. हा बघ देवजीचा आंबा. यंदा मोहोर बेस हाय." तो कॅमेरा विसरला होता, की कॅमेऱ्यातल्या माणसालाच सांगत होता, हे कमूला आजही ठरवता येत नाही.

ओहळ आला. फेब्रुवारीचा ओहळ तो, घोटाभर पाणी. लहान्या पाणी ओलांडायला निघाला, तर मागून डोली हलेना. नवशा काठावर उभा राहिला होता. बोलायचा थांबला होता. त्याचं तोंड तसंच चादरीच्या फटीत, नजर कमूच्या डोक्यावरून पलीकडच्या थडीवर, जिथे आता काहीच नव्हतं. धनेश लांबून हात हलवत होता, चला, चला. नवशा हलला नाही. तो त्या दिवशी थांबला होता तसा थांबला होता. बॅटरी संपेपर्यंत कमूने कॅमेरा धरून ठेवला. अकरा मिनिटं.

"हे कापावं लागेल," धनेश स्टुडिओत बसून म्हणाला. "अकरा मिनिटं एकच तोंड! कोणी बघणार नाही."

"एक सेकंदसुद्धा कापायचा नाही."

"निदान दोन मिनिटांवर आणू."

"पाणी तुमच्या सांगण्यावरून लवकर उतरतं का?" कमू म्हणाली, आणि कापायचं बटण ज्याच्यावर होतं तो माउस तिने आपल्या हाताखाली घेतला. मग धनेश हसला, आणि खाली आपलं नाव त्याने स्वतःहून घातलं.

पालघरची बैठक मार्चमध्ये झाली. चकचकीत टेबल, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं. साहेबांनी खुशीत चष्मा लावून घेतला. "वा, हे काहीतरी नवीन!" पहिल्या मिनिटाला त्यांनी टेबलाची कड धरली. तिसऱ्या मिनिटाला दुसऱ्या हातानेही धरली. मान इकडे वळवली, तिकडे वळवली, पुन्हा समोर आणली. चेहरा उतरला होता. शिपाई पाणी घेऊन पुढे झाला, कमूने त्याला खांद्याला धरून बाजूला केलं.

मग साहेब म्हणाले, "हे बंद पडलंय का? माणूस बोलत नाही, काही पुढे सरकत नाही."

"बंद नाही पडलं, साहेब," कमू म्हणाली. "आपण ओहळापाशी आलोय. पाण्याला उतार पडायचाय."

"बरं, समजलं मला. काढा आता हे." त्यांचे हात चष्म्याकडे गेले.

"डोलीतून मध्येच उतरता येत नाही, साहेब."

संस्थेच्या बाईंनी डोळे मिटून घेतले. धनेश भिंतीकडे बघायला लागला. साहेबांचे हात चष्म्याच्या पट्ट्याशी तसेच राहिले.

"किती वेळ आहे अजून?" त्यांनी विचारलं. आवाज लहान झाला होता.

"मला दीड तास लागला होता. तुमच्यासाठी अकराच मिनिटं ठेवलीत."

साहेबांनी हात खाली घेतले. बिस्किटाला कोणी हात लावला नाही. ती अकरा मिनिटं भरून चष्मा उतरला तेव्हा साहेबांच्या कपाळावर पट्ट्याचा वळ उठला होता. त्यांनी उंबरमाळची फाईल मागवली, उघडली, आणि ज्या पानावर मोरी बांधून पूर्ण असं लिहिलं होतं तिथे बोट ठेवलं. मग म्हणाले, "मी बघतो, ताई."

"बघितलंत तुम्ही," कमू म्हणाली. तिला रडू फुटत होतं आणि त्याचाच तिला राग येत होता. "माझ्या भावजयीला श्रावणात दिवस भरतात. राही नाव तिचं, लिहून ठेवा. पावसाआधी काम लागलं पाहिजे. नाही लागलं तर त्या डोलीत ती असेल, आणि लेन्स हीच असेल. दीड तासाच्या बॅटऱ्या मी आजच घेऊन जाते."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.