चैतूभाऊंच्या फोटोला हार

चैतूभाऊ आज दुसऱ्यांदा वारले.

पहिल्यांदा वारले तेव्हा ते दिल्लीत ढोल वाजवत होते.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. मी आठ-नऊ वर्षांची. आमचे बाबा अहेरीजवळच्या एका लाकूड डेपोत कारकून. डेपोत एक म्युझियम होतं. म्युझियम कसलं, एक खोली! सांबराची शिंगं, सागाचे नमुने आणि भरपूर धूळ.

त्या वर्षी बाबांनी तिथे पेपरात आलेल्या देशाच्या पुढाऱ्यांच्या फोटोंचं प्रदर्शन लावलं. एका फोटोत दिल्लीचे मोठे साहेब, आणि शेजारी ढोल घेऊन आपले चैतूभाऊ! सव्वीस जानेवारीच्या नाचाला इथली गोंड मंडळी गेली होती, अजून तिकडेच होती, त्यांतले.

बाबा इतके खूश झाले की झेंडूचा हार आणून त्यांनी त्याच फोटोला घातला.

बाजाराच्या दिवशी मैनीबाई प्रदर्शन बघायला आली. चैतूभाऊंची बायको. आमच्याकडे धान कांडायला यायची. तिनं जन्मात तोवर एकच फोटो पाहिला होता, आमच्या वारलेल्या आजोबांचा. त्यालाही हार होता.

हार पाहून ती तडक गावाकडे निघाली.

चार दिवसांनी कळलं, गावात चैतूभाऊंचं दिवसपाणी उरकलंसुद्धा.

बाबा धावत गेले. "अरे, जिता हाये तो!"

"जिता हाये, त मंग हार काऊन घातला?" गावचा म्हातारा पाटील.

"कौतुकानं घातला!"

"कौतुकानं कोनी मारते का बाबूजी?"



महिन्याभरानं चैतूभाऊ परत आले. अंगात दिल्लीचा स्वेटर. त्यांना वेशीवरच थांबवलं. ज्याचं सगळं करून झालं, त्याला घरात घ्यायचं कसं? दोन दिवस पंचांची बैठक, आणि हे मोहाच्या झाडाखाली बसून.

बाबा भेटायला गेले, मीही गेले. चैतूभाऊंनी विचारलं,

"बाबूजी, तुमी शिकलेले मानूस. खरं सांगा. मी आहो ना?"

तेव्हा मला हसू आलं होतं. आज येत नाही.

शेवटी ठरलं, नवा माणूस म्हणून घ्यायचं. हळद लागली आणि मैनीबाईशीच पुन्हा लग्न! जेवणाचा तांदूळ बाबांकडून. करता काय, चूक त्यांचीच.

"पयल्या नवऱ्यापक्षा हा बरा हाये," असं मैनीबाई पुढे जन्मभर म्हणायची.

आज सकाळी मी तिथेच होते. माती दिलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.

घरी बाया मैनीबाईच्या बांगड्या काढायला बसल्या. तिनं हात मागे घेतला.

"थांबा नं माय. मांगच्या टायमाले मी लई घाई केली."

सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. रिटायर्ड मास्तरीण ना मी!

सांगायचं होतं, बाई, या वेळी खरं आहे. नाही सांगता आलं. तिच्याजवळ बसले आणि खूप रडले. मग तिच्यासोबत मीही वाटेकडे पाहत राहिले. काय करत होते, माझं मलाच कळत नव्हतं.

चैतूभाऊ, मनापासून श्रद्धांजली वाहते आहे.

चुकत असेन, तर येऊन सांगा.