फाटका आवाज

माझ्या गिटारचा तो आवाज दादाजींना पहिल्यापासून खुपायचा. दादाजी म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक आणि मुख्य गायक. बालाघाटच्या आसपास लग्नसराईत आमचीच पार्टी चालायची, आणि टाळ्या त्यांच्यासाठीच पडल्या पाहिजेत असा त्यांचा हिशेब.

एकोणीसशे सत्तरनंतरची गोष्ट. रेडिओवर एका गाण्यात गिटार गुरगुरताना ऐकली आणि मी वेडा झालो. माझा मामेभाऊ गोंदियाला रेडिओ दुरुस्त करायचा. त्याने कागदावर सर्किट काढून दिलं. जुन्या रेडिओतले दोन ट्रान्झिस्टर, बॅटरी आणि पायाने दाबायला ट्रकच्या हेडलाइटचं डिपर. हे सगळं मी अॅल्युमिनियमच्या टिफिनमध्ये बसवलं. डिपर दाबलं की गिटारचा गोड आवाज फाटायचा, करवतीसारखा चिरत जायचा. आईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती पोळ्या लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, "जनावर बांधलं का रे आतमधी?" मला ते फार आवडलं.

पण त्या डब्याचे लाड करावे लागत. ट्रान्झिस्टर उन्हाळ्यात तापले की आवाज घुसमटायचा, अडखळत यायचा. मग झाकण काढून आतला बारीक स्क्रू किंचित फिरवायचा, कान देऊन, पुन्हा आवाज भरेपर्यंत. मे महिन्यात मी डब्यावर ओला फडका ठेवायचो. वाजवून झालं की वायर काढून ठेवायची, नाहीतर बॅटरी बसायची. वायरींचे सोल्डरचे टाके सैल झाले का, सॉकेटला गंज चढला का, हे प्रत्येक कार्यक्रमाआधी मी स्वतः बघायचो.

डबा पार्टीच्या सामानातच राहायचा. लांजीच्या एका लग्नात मात्र आमची बस उशिरा पोचली आणि मला डबा उघडायला वेळच मिळाला नाही. मांडव भरलेला होता. गाण्यात माझी जागा आली, मी डिपर दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. गिटार तशीच गोड, साळसूद. मी मान वर केली तर दादाजी माइकपाशी उभे राहून माझ्याकडे बघत हसत होते.

गाणं संपल्यावर पडद्यामागे मी झाकण काढलं. दोन्ही ट्रान्झिस्टर कापून टाकलेले होते आणि आत येणारी वायर बाहेर जाणाऱ्या वायरला सरळ जोडलेली होती.

"हे कोणं केलं?" मी विचारलं.

"म्याच करवून घेतलं, लाउडस्पीकरवाल्याकडून," दादाजी म्हणाले. "आता साफ येऊन राह्यला आवाज. लोकाइले वाटते मशीन बिघडली. मले शरम वाटते."

"मले विचारलं काहून नाही?"

"पार्टी माही आहे. तुले काय विचारायचं?"

ट्रान्झिस्टर कुठे आहेत म्हणून विचारलं, तर फेकले म्हणाले. पुढच्या गाण्याला मी स्टेजवर गेलो आणि अॅम्प्लिफायरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. आवाज फाटला, डब्याशिवाय, आणि फार वाईट फाटला. त्यात सूर नव्हता, नुसता राग होता. मांडवातली पोरं उठून उभी राहिली. दादाजींनी गाता गाताच येऊन माझी वायर उपटली. मी गिटार खोळीत घातली आणि स्टेजवरून उतरलो. परतीच्या बसमध्येसुद्धा त्यांच्याजवळ बसलो नाही.

त्यांनी दोनदा निरोप पाठवला. आई म्हणाली, "मोठा माणूस आहे, जाय." मी गेलो नाही. मामेभावाकडून दुसरे ट्रान्झिस्टर आणले, डबा नव्याने जोडला आणि आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांबरोबर परसवाड्याकडच्या लग्नांतून वाजवू लागलो. तिथे लोक तोच आवाज पुन्हा मागायचे.

काही वर्षांनी स्वतःच्या सत्कारात दादाजी सगळ्यांसमोर सांगत होते, "हा नवा आवाज बालाघाटले पहिल्यांदा माह्या पार्टीनं ऐकवला. म्याच वाजवू देल्ला याले." लोक टाळ्या वाजवत होते. मी पहिल्या रांगेत होतो. उठलो आणि म्हणालो, "दादाजी, तुमी तो कापला होता."

ते म्हणाले, "जुन्या गोष्टी काहून काढून राह्यला बाप्पा," आणि हार घालून घ्यायला पुढे वाकले. शेजारच्याने माझा सदरा ओढून मला खाली बसवलं. मी बसलो, पण टाळी वाजवली नाही. आजही दादाजींनीच तो आवाज आणला असं कुणी कौतुकाने सांगू लागलं तर मी मध्येच तोडतो आणि कापलेल्या ट्रान्झिस्टरपासून सगळं सांगतो.