दहा पॉइंट दोन

युरोपातल्या बऱ्याच देशांनी मिळून रसायनशास्त्राच्या पदवीची एक सामाईक चौकट आखली आहे. तिच्याशी आपली पदवी जुळवायची, म्हणजे आपल्या पोरांना एक सत्र तिकडच्या प्रयोगशाळेत काढता येईल, असं नांदेडला विद्यापीठात ठरलं आणि मला समितीत घातलं. मी लातूरला शिकवते. वर्षभर एसटीने अहमदपूरमार्गे हेलपाटे घातले. तेव्हा हुरूप होता. आता त्या वर्षाची आठवण झाली तरी शिसारी येते.

बैठक म्हणजे आधी सत्कार. शाल, नारळ, फोटो, मग अध्यक्षांचं भाषण. जेवणाची पानं वाढली जायच्या आत जो वेळ उरेल, त्यात अभ्यासक्रम. तशाच एका घाईत मी भांडून एक वाक्य सगळ्यांत वर घालून घेतलं: विद्यार्थी स्वतः पाहील आणि दिसेल तेच लिहील. कुणीच हरकत घेतली नाही. घेणार कशी? वाचलंच कुणी नव्हतं.

मग तिकडचे पाहुणे नांदेडला आले. परीक्षा घेऊन एक विद्यार्थी निवडून त्यांच्याबरोबर पाठवायचा होता. माझी एक विद्यार्थिनी परीक्षेला बसली होती, मुदखेडची, लातूरला वसतिगृहात राहून शिकणारी. तिला जायचंच होतं. पासपोर्टसुद्धा काढून ठेवला होता तिने.

परीक्षा साधी होती, टायट्रेशनची. फ्लास्कमध्ये आम्ल, ब्युरेटमध्ये, म्हणजे मापाच्या उभ्या नळीत, कॉस्टिक सोडा. थेंबथेंब सोडायचा, फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं आणि किती मिलिलिटर लागला ते वाचायचं. पण आमच्याकडे एक रीत आहे. परीक्षा सुरू होण्याआधी कुणीतरी वर्गातून फिरून 'रीडिंग' सांगून जातं, पोरं ते लिहून मोकळी होतात. त्या दिवशी अध्यक्ष स्वतःच सांगून गेले: दहा पॉइंट दोन. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "सर, हे बरोबर नाही." ते हसले. म्हणाले, "मॅडम, पाहुण्यांपुढं आपली इज्जत हाय."

आता गंमत बघा. मुलं जास्त आली म्हणून सकाळी त्यांनीच सोड्याच्या बाटलीत पाणी वाढवायला लावलं होतं, आणि सांगायचं रीडिंग मात्र जुनंच ठेवलं. सोडा पातळ झाला, तेव्हा जास्त लागणारच. मुलीचं बारा पॉइंट सहा आलं. तिने पुन्हा केलं, पुन्हा तेवढंच आलं.

"धा पॉइंट दोन लिही," अध्यक्ष तिच्या टेबलाशी येऊन म्हणाले.

"पन सर, तेवढं आलंच न्हाई."

"लई शहाणी झालीस का?"

तिने बारा पॉइंट सहाच लिहिलं. बाकी सगळ्यांचं दहा पॉइंट दोन. पाहुणे तेव्हा शेजारच्या दालनात फेटा बांधून घेत होते. मी त्यांना गाठून सगळं सांगायला लागले, तर मधे हार आला, हाराच्या मागे फोटोवाला आला, आणि अध्यक्ष म्हणाले, "मॅडम थोड्या भावनिक आहेत." 

निवड झाली. अचूकतेत ती मुलगी शेवटची. अध्यक्षांच्या गावचा, देवणीकडचा मुलगा पहिला. त्याच कार्यक्रमात नवी चौकट टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली, माझं वाक्य सगळ्यांत वर. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

संध्याकाळी आम्ही दोघी बसस्टँडवर लातूरच्या गाडीची वाट बघत होतो. मी तणतणत होते, समितीला शिव्या घालत होते.  मग ती म्हणाली,

"मॅडम, तिकडं बी रीडिंग आदीच सांगत्यात का?"

"नाही गं. तिकडे ज्याचं त्याने काढायचं."

"मग त्यो देवणीचा तिथं काय करील?" ती म्हणाली, आणि इतका वेळ आवरलेलं रडू तिला तिथे आलं.