लॅमिनेशन केलेला परवाना

तासगाव तालुक्यातल्या रवींद्र खराडेला पंख्याचं कळतं. बाकी काही कळतं असा त्याचा दावा न्हाई. बेअरिंग जायच्या आठ दिवस आधी त्याचा कान टवकारतो. या एका कानावर तो इचलकरंजीच्या मागावरनं मस्कतच्या मासळीच्या कोल्ड स्टोरेजला गेला, तिथनं इराणला, आणि इराणहून थेट न्यूझीलंडच्या हॅमिल्टनला. तिथल्या ‘ते रापा’ भागातल्या एका रेफ्रिजरेशन कंपनीत तो कॉम्प्रेसर उघडायचा. बायको नीलिमा म्हाताऱ्यांच्या रेस्टहोममध्ये कामाला. पोरगी ओवी मराठीत ऐकून इंग्रजीत उलटं बोलायची. तिघांची नजर एकाच गोष्टीवर: पीआर, कायम राहायची मुभा. ती मिळाली तर इथंच राहायचं, न्हाई तर व्हिसा संपला की गाठोडं उचलायचं.

आणि या शहाण्यानं अर्जाला परवाना जोडला.

कसला परवाना, ते सांगायला पायजे. इराणवर निर्बंध. बाहेरच्या बँका त्या देशाला दारात उभं करत न्हाईत. मग २०१९ साली तिथल्या सरकारनं डोकं चालवलं. संगणकांना रातंदिस गणितं घातली की बिटकॉइन पडतं, आणि ते खपवायला बँक लागत न्हाई. ज्याला हा धंदा करायचाय त्यानं सरकारचा परवाना घ्यावा. केरमानकडच्या एका पिस्तेवाल्यानं तो घेतला आणि पिस्त्याच्या गोदामात चारशे यंत्रं मांडली. यंत्रं तव्यासारखी तापतात, म्हणून पंखे, आणि पंख्यांसाठी रवींद्र. परवान्यावर तांत्रिक जबाबदार म्हणून एक नाव लागत होतं. गोदामात डिप्लोमावाला हा एकटाच, म्हणून याचं घातलं. सरकारी शिक्क्याशेजारी आपलं नाव बघून गडी फुगला.

रवींद्रला इराणला नेणाऱ्या एजंटानंच नेलेला पलूसचा नितीश दोन मैलांवर होता. कोंबड्यांच्या शेडात साठ यंत्रं, चोरून. परवाना न्हाई, पाटी न्हाई. २०२१ च्या उन्हाळ्यात वीज कमी पडली. सरकारनं आधी कुणाची तोडली? परवानेवाल्यांची. पत्ता त्यांचाच ठाऊक होता ना! रवींद्र थंड पडलेल्या पंख्यांखाली घाम पुसत बसला आणि नितीशची शेड गुरगुरत राहिली. असल्या सरकारचा शिक्का माणसानं मिरवावा का? यानं लॅमिनेशन करून मिरवला.

अर्ज त्यानं स्वतःच भरला होता. इमिग्रेशन ऑफिसाचं खुलासा मागणारं पत्र आलं तेव्हा पळाला प्रसादकडं. प्रसाद ऑकलंडजवळच्या अल्बनीतला व्हिसा सल्लागार, मूळचा कोथरूडचा.

“रवींद्रजी, हा परवाना लावायला तुम्हाला सांगितलं कुणी? अनुभवाचं फक्त पत्र मागितलं होतं त्यांनी.”

“आपणहून लावला. कलर झेरॉक्स, लॅमिनेशन, वर सही.”

“पण का?”

“आमच्याकडं कागद कमी पडला की साहेब हाकलतो. जास्त झाला म्हणून हाकलल्यालं कधी ऐकलंय?”

“आता ऐका,” प्रसाद म्हणाला. “निर्बंध असलेल्या सरकारच्या धंद्यात तुम्ही जबाबदार होता, असं तुम्हीच लिहून दिलंय. आता असं लिहू, मी पंखे पुसणारा होतो, नाव मला न विचारता घातलं.”

“मग माझा तीन वर्सांचा अनुभव?”

“तो जाईल.”

“अनुभव गेल्यावर पीआर?”

“तीही अवघड आहे.”

“म्हंजे दोन्हीकडनं माजंच मडं. फी कशाची घेता वो तुमी?”

प्रसादला राग आला. त्यानं पत्राच्या तळाच्या रकान्यावर बोट ठेवलं. असं काम केलेलं आणि आता न्यूझीलंडमध्ये असलेलं कुणी ठाऊक असेल तर नाव द्या. “हा भरा. सहकार्य दिसतं. हीप्स फरक पडतो, ढीगभर.”

एक नाव ठाऊक होतं. नितीश आता न्यूझीलंडातच, वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआत होता. कोंबड्यांच्या शेडातला वायरमन म्हणून अनुभव दाखवून त्यानं पीआर कधीच पदरात पाडली होती. मागच्या उन्हाळ्यात बार्बेक्यूला आला, जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, फटफटवत चारचौघांत म्हणाला, “रव्या, तू परवान्याचा राजा. मी आपला कोंबडीवाला. पण पीआर कुणाला मिळाली, सांग की!” पोरं हसली. ओवी पण हसली.

शनिवारी दुपारी रवींद्र जेवणाच्या टेबलावर पत्र लिहायला बसला. नीलिमा समोर कणीक मळत होती.

“लिवा त्याचं नाव,” ती म्हणाली. “त्यानं तुमची अब्रू काढली ती इसरला? पोरीची शाळा हाय हितं.”

यानं खरं ते लिहिलं. होय, तांत्रिक जबाबदार मीच. चारशे यंत्रं, अठ्ठेचाळीस पंखे. सरकारनं बंद करा म्हटलं त्या दिवशी बंद केले. नाणं कुठं गेलं ते मला विचारू नका, हवा कुठनं कुठं गेली ते विचारा. खाली सही ठोकली. रकाना मोकळाच.

“ह्यो का मोकळा?” नीलिमानं परात आपटली. “कोण लागतो तुमचा त्यो? दया आली?”

“दया? त्याचं नाव सरकारी कागदावर आलं की त्यो बी माज्यासारखाच झाला. तांत्रिक जबाबदार. त्या कोंबडीचोराला मी माज्या पंगतीला बसवत न्हाई.”

“आन् आमाला उठवताय व्हय पंगतीतनं?”

रवींद्रनं पाकीट चिकटवलं. पत्र पाठवलं. चार दिवस नीलिमा त्याचं ताट झाकून ठेवून पोरीसंगं आधीच जेवली.

पाचव्या दिवशी नितीशचा फोन आला. बातमी लागली होती.

“रव्या, खुलासा दिलास म्हणं?”

“दिला.”

“त्यात तसला रकाना असतोय म्हणं. माझं नाव घातलंस का, मर्दा?”

रवींद्रनं उगाच खोकून वेळ काढला.

“दारातली पत्राची पेटी बघत जा,” म्हणाला, आणि फोन ठेवला.

मार्चमध्ये ऑफिसाचं उत्तर आलं. न्हाई. दीड पानाचं न्हाई. व्हिसाला दोन महिने उरले होते. सोफा, फ्रिज, ओवीची सायकल गेली. नीलिमा आणि ओवी आता तासगावला आहेत. ओवी बाईंना इंग्रजीत उलटं बोलते म्हणून रोज वर्गाबाहेर उभी असते. नीलिमा नवऱ्याशी फोनवर कामापुरतं बोलते, आणि त्यात तिची काही चूक न्हाई.

रवींद्र परत मस्कतला, त्याच मासळीच्या कोल्ड स्टोरेजला लागला. बेअरिंगचा आवाज अजून आठ दिवस आधी ऐकतो. दर रविवारी पोरिरुआहून फोन येतो.

“रव्या, पेटीत अजून तर काय आलं न्हाई.”

“यील,” रवींद्र म्हणतो. “सरकारी काम हाय. येळ लागतोय.”