चौदा अंशांची शेकोटी

पुण्यात थंडीची जितकी वाट आमच्या चुलतसासऱ्यांनी पाहिली, तितकी स्वेटर विकणाऱ्यांनीही पाहिली नसेल. येरवड्याच्या बाजूला त्यांचा जुना बैठा बंगला आहे. त्यांच्या वडिलांनी तो कुणा साहेबी थाटाच्या गृहस्थाकडून घेतला, तेव्हा दिवाणखान्याच्या भिंतीतली विटांची फायरप्लेस आणि छपरावरचं धुराडं आपसूक पदरात पडलं. दुसऱ्या कुणी तिथे टीव्ही बसवला असता. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या मावसबहिणीने तर पहिल्याच भेटीत सुचवलं होतं, "एवढा आयता कोनाडा आहे, देव मांडा की त्यात." काका म्हणाले, "देवांना काजळी सोसायची नाही." तेव्हापासून त्या घरात दोन देवस्थानं झाली, एक काकूंचं आणि एक काकांचं. त्यातलं काकांचं सोवळं जास्त कडक होतं.

धुराडं साफ करायचा दिवस खंडेनवमीच्या आदल्या दिवशीचा. डोक्याला पंचा गुंडाळून आणि चष्म्यावर पोहण्याचा चष्मा चढवून काका शिडीने छपरावर जात. हातात लांबलचक बांबू, त्याच्या टोकाला काथ्याचा दांडगा ब्रश. खाली फायरप्लेसच्या तोंडावर जुनी चादर ताणलेली, आणि ती धरायला जावई, म्हणजे मी. "जावईबापू, मी सांगेपर्यंत श्वास घेऊ नका," असा वरून आवाज येई. ते सांगायला हमखास विसरत. पुढे दोन दिवस मी काळं शिंकत असे. दुसऱ्या दिवशी तो ब्रश आंघोळ करून, झेंडूचं फूल डोक्यावर घेऊन, पाटावर पक्कड आणि हातोडीच्या शेजारी पूजेला बसलेला दिसे. मग उदबत्तीची परीक्षा. धुराड्याची लोखंडी झडप उघडून काका खाली उदबत्ती धरत आणि धूर सरळ वर गेला की वैद्याने नाडी सोडावी तसे समाधानाने म्हणत, "ओढ उत्तम आहे." लाकडं बाभळीची, दोन पावसाळे पत्र्याखाली वाळवलेली. तरीसुद्धा प्रत्येक जोडी कानाजवळ एकमेकांवर आपटून बघायची. टणटणीत वाजली तर पास, बद्द वाजली तर पुन्हा एक वर्ष त्याच वर्गात. पेटवणासाठी मार्केट यार्डातून फळांची मोडकी खोकी यायची. त्यांचे खिळे काढून, ठोकून सरळ करून डब्यात ठेवले जात. एवढे खिळे कशाला, असं मी एकदा विचारलं. "वाकडे टाकवत नाहीत म्हणून," ते म्हणाले.

आता इतकं सगळं केल्यावर कुणालाही वाटेल की थंडीभर तिथे आग धडधडत असेल. छे. काकांचा नियम असा, की उत्तरेच्या व्हरांड्यातल्या तापमापकावर संध्याकाळी सात वाजता चौदा अंश किंवा त्याखाली पारा असेल, तरच काडी लावायची. पुण्यात पहाटे पारा कितीही उतरो, संध्याकाळी सातला चौदा म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. "पहाटे पेटवा ना मग," मी म्हणायचो. "पहाटे माणसं झोपतात," हे उत्तर. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या पंधरा वर्षांत ती फायरप्लेस दोनदा पेटली, आणि दोन्ही वेळा काकू माहेरी चिपळूणला होत्या.

खरी गंमत अशी, की शेकायची हौस काकूंचीच. माहेरी थंडी कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि लग्न होऊन आल्यावर दिवाणखान्यातला तो कोनाडा बघून त्या हरखल्या होत्या. "एकदा तुमच्याशेजारी तिथे शेकत बसायचंय, बाकी काही नको," असं त्या दर हिवाळ्यात म्हणत. एका जानेवारीत पारा चौदाच्या आसपास घुटमळायला लागला, तेव्हा आम्हा सगळ्यांना बोलावणं गेलं. काकूंनी शेंगा भाजल्या, ठेवणीतली शाल काढली. सात वाजले. काका बॅटरी घेऊन व्हरांड्यात गेले आणि परत येऊन म्हणाले, "साडेचौदा."

"अहो, अर्ध्या अंशाने काय होतंय?"

"आज अर्धा सोडला की उद्या दोन सोडावे लागतात."

काकूंनी शाल घडी करून ठेवली. आम्ही शेंगा खाऊन घरी आलो. मला त्या दिवशी काकांचा मनापासून राग आला होता.

पुढे काकू आजारी पडल्या. अंगात रक्तच धरेना. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा मे महिना होता, पुणं भाजून निघत होतं, आणि काकू स्वेटर घालून कुडकुडत होत्या. डॉक्टर काकांना बाजूला घेऊन बरंच काही बोलले होते. त्यातलं काकांनी मला एकच सांगितलं, "डिसेंबरचं काही खरं नाही म्हणतात." त्याच दिवशी दुपारी मी कलिंगड घेऊन गेलो, तर दिवाणखान्यात फायरप्लेस पेटलेली, डोक्यावर पंखा गरगरतोय, आणि दोघं खुर्च्या लावून समोर बसलेली. काकांचा सदरा भिजून पाठीला चिकटला होता.

"काका, एकोणचाळीस आहे," मी म्हणालो.

"ते बाहेर," काका म्हणाले.

काकूंनी तळवे आगीकडे धरले होते. पुष्कळ दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर रंग दिसत होता. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "अहो, अजून एक लाकूड घाला." काकांनी दोन घातली, तीही न वाजवता.

श्रावण लागायच्या आत काकू गेल्या.

यंदाही खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी चादर धरली आणि काळं शिंकलो. त्यानंतर आठवड्याभरात, ऐन ऑक्टोबरच्या उन्हात, काकांचा फोन आला. "येताय का? पेटवलीय."

"किती आहे हो काका?" मी सवयीने विचारलं.

"काय किती?"

मी गेलो. व्हरांड्यात तापमापकाच्या जागी नुसता खिळा होता, अर्थात सरळ. आत दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. काकांनी मला काकूंच्या खुर्चीत बसवलं आणि भाजलेल्या शेंगांचं ताट पुढे केलं. शेंगा एका बाजूने पार करपल्या होत्या. घाम कानशिलावरून ओघळत होता, पण पंखा लावायचं माझ्या जिभेवर येईना. काका आगीकडे बघत होते. थोड्या वेळाने मीच म्हणालो, "काका, अजून एक लाकूड घाला."